मानाची हुर्यो

पामर फॉल्सच्या मैदानावर गेल्या बावीस वर्षांत सगळ्यांत जास्त हुर्यो कुणाची उडाली, ठाऊक आहे? पाहुण्या संघाची नव्हे, पंचांचीही नव्हे. डेल्फा रुअर्क यांची! शनिवारी दुपारी कॉलेजचा फुटबॉल सामना ऐन रंगात आला, की लाल टोपी आणि कोपरापर्यंत लाल बाह्या चढवलेल्या डेल्फाबाई चार पावलं मैदानात येऊन हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. बाई आत, म्हणजे टीव्हीवर जाहिराती चालू. त्या बाहेर पडल्याशिवाय खेळ सुरू करायची पंचाचीही टाप नव्हती. तीन मिनिटं, कधी साडेतीन. खेळाडू कमरेवर हात ठेवून ताटकळायचे आणि सत्तावीस हजार माणसं एका सुरात ओरडायची, "हूऽऽ! निघा आता, बाई! निघा बाहेर!"

बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

हलतील कशा? तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना त्यांनी लहानपणी बसमध्ये "खाली बस, नाहीतर इथंच उतरवीन" म्हणून दटावलेलं. हे काम करणारा चॅनेलचा माणूस पहिल्यांदा आजारी पडला, तेव्हा कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी, ब्रेनमन साहेबांनी, विचारलं होतं, "थंडीत उभं राहील आणि कुणाच्या ओरडण्याला भीक घालणार नाही, असं गावात आहे का कुणी?" अख्ख्या गावानं एकाच नावाकडे बोट दाखवलं.

सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडायचं, तर त्यांचा नवरा रॉली. कुणी हटकलं तर म्हणायचा, "घरी माझं काही चालत नाही, निदान इथं तरी ओरडू द्या की!"

आणि बाई काही चॅनेलच्या ताटाखालचं मांजर नव्हत्या बरं. एका नोव्हेंबरात बर्फ असा पडत होता की पोरांचे ओठ निळे पडलेले. ठरलेला वेळ संपला, तरी मैदानामागच्या ट्रकमधून चॅनेलचा दिग्दर्शक गिल त्यांच्या कानातल्या यंत्रावर सांगतोय, "डेल्फा, थांब. आणखी एक जाहिरात घुसवतो."

"बाळा," बाई म्हणाल्या, "बस वेळेवर निघते." आणि सरळ बाहेर पडल्या. खेळ सुरू झाला, अन् देशभरच्या टीव्हीवर जाहिरातीतली एक नवीकोरी मोटार घाटाच्या वळणावरच अडकली! गिल तणतणला, पण पुढच्या शनिवारी बोलावणं आलंच. त्या थंडीत उभं राहायला दुसरं होतं कोण?

तर अशा या बाई. आणि आमची कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या दहा कॉलेजांची शंभर वर्षांची पंगत. गेल्या उन्हाळ्यात चॅनेलनं दोन हजार मैलांवरच्या एका श्रीमंत पंगतीशी करार केला, आणि आमच्यातली सहा कॉलेजं वाढलेल्या ताटावरून उठून तिकडं जाऊन बसली. चाळीस मैलांवरचं कॉर्बिन टेकसुद्धा! आजोबा-पणजोबांपासून आमचं त्यांच्याशी वैर. मित्र जातात हो, पण वैऱ्यानंही सोडून जावं? भांडायचं कुणाशी मग माणसानं? उरलो आम्ही चौघं. आणि चौघांसाठी चॅनेल कशाला ट्रक पाठवतंय?

बाईंना दोन ओळींचं पत्र आलं. आभार, आणि कानातलं यंत्र व बाह्या परत कराव्यात. बाईंनी बाह्या धुतल्या, इस्त्री केल्या आणि टपालानं पाठवून दिल्या. टोपी मात्र ठेवली. चॅनेलची टोपी पहिल्याच वर्षी वाऱ्यानं उडाली होती. ही रॉलीनं धान्याच्या दुकानातून आणलेली, त्यांची स्वतःची.

सप्टेंबर आला. पहिला सामना हॉलिस स्टेटशी. कॉलेजचीच पोरं तीन कॅमेरे लावून तो इंटरनेटवर दाखवणार होती. जाहिरात एकही नाही. रॉलीनं दोन तिकिटं काढली.

"मी नाही येत," बाई म्हणाल्या.

"का गं? बावीस वर्षांत एक सामना बसून पाहिला नाहीस. आता मजेत शेंगदाणे खा की."

"मी टीव्हीची बाई होते रॉली. टीव्ही गेला, मी गेले." मग जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांग. ते ओरडायचे ते प्रेमानं की रागानं?"

"प्रेमानंच की!"

"तू नवरा आहेस. तू असंच म्हणणार."

बावीस वर्षं ज्या हुर्योवर त्या तोऱ्यात मिरवल्या, ती आपली नव्हतीच की काय, हा किडा डोक्यात शिरला होता. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता त्यांचा. रॉलीनं अक्षरशः ओढून नेलं तेव्हा गेल्या. एकतिसाव्या रांगेत कोट गळ्यापर्यंत लावून बसल्या. टोपी खिशात.

सामना सुरू झाला आणि सहाव्याच मिनिटाला आमच्या पोरांनी गुण मिळवले. जल्लोष झाला. आणि मग सगळं थांबलं.

म्हणजे कुणी थांबवलं नाही हो, आपसूकच थांबलं. पोरं सवयीनं पाणी प्यायला कडेला गेली. बँडनं सवयीनं आपलं गाणं धरलं. पंच ऑस्ट्रँडर, आमच्या मैदानावर म्हातारे झालेले, चेंडूवर पाय ठेवून सवयीनं कडेच्या त्या जागेकडे बघत राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच! आणि प्रेक्षकांनी सवयीनं हुर्यो धरली, "हूऽऽ! निघा आता..."

पुढचा शब्द कुणाच्या तोंडून फुटेना. तिथं कुणी नव्हतंच.

एवढ्या माणसांची हुर्यो अर्ध्यात तुटलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. बँडही गप्प झाला. खालच्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ उभा राहून ओरडला, "अरे, डेल्फाबाई कुठायत? मी त्यांच्या बसमधला आहे!"

"मीपण!" पलीकडून कुणीतरी.

"इथं! इथं आहे ती!" रॉली बाकावर चढून हात हलवायला लागला.

"खाली बस, रॉली," बाई पुटपुटल्या. पण त्या स्वतः उठल्या. एकतीस पायऱ्या उतरल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं न विचारताच फाटक उघडलं. बाईंनी खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली, चार पावलं आत गेल्या आणि हाताची घडी घातली.

काय हुर्यो उडाली म्हणता! छप्पर असतं तर उडालं असतं. आजी ओरडत होत्या, कडेवरची पोरं ओरडत होती, हॉलिसहून आलेले पाहुणेसुद्धा ओरडत होते. बाईंच्या कानात आज गिल नव्हता, हातात घड्याळ नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. ही हुर्यो कुणाची, हे आता कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.

ऑस्ट्रँडर जवळ आले. टोपीला हात लावून म्हणाले, "बाई, किती वेळ? आज मागं ट्रकच नाही."

"बस वेळेवर निघते, साहेब," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून बाहेर पडल्या.

तशी हुर्यो दुप्पट झाली. बावीस वर्षं हेच लोक त्यांनी बाहेर निघावं म्हणून ओरडत आले होते. त्या दिवशी त्या बाहेर निघाल्या म्हणून ओरडले.