मामा आणि केळीची भावकी

पृथ्वीवर असा एकही जीव उरलेला नाही, ज्याची भावकी माझ्या बायकोच्या मामांनी खणून काढलेली नाही. धुळ्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण वर्गीकरण काही सुटलं नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे. भरिताचा पहिला घास पोटात गेला, की वांगं, मिरची, टमाटं आणि बटाटा एकाच कुळातले कसे, हे सुरू. एकदा माझी माळकरी आई कौतुकानं मशरूमची भाजी चाखत होती. मामांनी शांतपणे सांगितलं, की ही वनस्पती नव्हेच. नात्यानं ती पालकापेक्षा आपल्याला जवळची. आईनं हातातला घास ताटात ठेवला. मशरूम पुन्हा आमच्या घरात आलं नाही.

म्हणून मुलीच्या सोयरिकीसाठी रावेरकडे निघताना मी गाडीतच बजावलं, की मामा, आज कोणाचंही कूळ काढायचं नाही. भुसावळ येईपर्यंत ते समजूतदारपणे मान हलवत होते. मुलाचे वडील, आबा, मोठे केळीवाले. चहा झाल्यावर त्यांनी आम्हाला बागेत नेलं आणि एका खोडावर हात ठेवून सांगितलं, की ही झाडं पोटच्या पोरासारखी वाढवलीत.

"हे झाड नव्हे," मामा म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. उपयोग शून्य. यात लाकूड नाहीच, खोड म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेली पानं, आणि केळ ही आल्या-हळदीच्या भावकीतली, असं सगळं त्यांनी इत्थंभूत ऐकवलं. आबांचा चेहरा उतरला. सोयरिक मोडली असं धरून मी मनातल्या मनात गाडीत जाऊन बसलो. आबांनी खोडावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे आमची केळ हळदीची बहीन हाये. मंग हळद लावाले उशीर कशाले?"

तेव्हापासून हे लग्न आपण जमवलं असं मामा गावभर सांगतात, आणि मला ते खोडूनही काढता येत नाही.

लग्नात फोटोग्राफर म्हणाला, आता फक्त घरचे थांबा. मामा मुकाट्यानं स्टेजच्या पायऱ्या उतरले आणि खाली उभे राहिले. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही घरचे ना?" मामांनी माझ्याकडे पाहिलं.  नातं सांगायला त्यांनी आजवर कोणाकडे पाहिलं नव्हतं.

"मामा, वर या. सगळे खोळंबलेत," मी नेहमीसारखा चिडूनच म्हणालो.

ते आले आणि माझ्या शेजारी अंग चोरून उभे राहिले.