‘भरली’ लिहिलेल्या दोन बॅटऱ्या

लोड टेस्टरचं बटण दाबलं आणि काटा साडेबारा व्होल्टवरून सरसर खाली आला. नऊच्याही खाली. मी बटण सोडलं, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेजारच्या बॅटरीचीही तीच गत. दोन्ही अबू फहद यांच्या बोटीच्या, आणि बोट शुक्रवारी पाण्यात उतरायची होती. हा बुधवार.

मी अम्गऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये बोटींचा इलेक्ट्रिशियन आहे, गेली सोळा वर्षं. कुवेतमध्ये थंडी पडली की लोक समुद्राकडे पाठ फिरवतात आणि वाळवंटात तंबू ठोकतात. सुट्टी मिळाली की सगळं घर तिकडे. बोटी ट्रेलरवर चढतात आणि त्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडे येतात. त्या धुवायच्या, चार्ज करायच्या, मागच्या रॅकवर प्लास्टिकखाली ठेवायच्या. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी थंडीत दोन महिने आरामात झोपते. अर्धवट राहिली तर मात्र आतल्या शिशाच्या प्लेटांवर पांढरा क्षार धरतो. टाकीत गाळ साचला की पाणी काठाला लागलेलं दिसतं पण मावतं कमी, तसंच. साधा मीटर अशा बॅटरीला ‘फुल’ म्हणतो. खरं कळायला लोड टाकावा लागतो, म्हणजे तिच्याकडून काही सेकंद भरपूर करंट ओढून बघायचा. हा टेस्टर आमच्याकडे याच वर्षी आला. तोवर साध्या मीटरवरच भागवलं.

अबू फहद पंचाहत्तरीचे. त्यांचे वडील गलबतावर होते आणि ते म्हणे रत्नागिरीला उतरायचे. मी गुहागरचा, हे दहा वेळा सांगून झालं, तरी मला “या रत्नागिरी!” अशीच हाक; अरबीत ‘या’ म्हणजे ‘अरे’. त्यांची बोट दरवर्षी सगळ्यात शेवटी येते, कारण डिसेंबरचा वारा सुटेपर्यंत हा माणूस मासे सोडत नाही. हात थरथरतात, पण गळाची गाठ माझ्यापेक्षा चांगली मारतात. मला ते मनापासून आवडतात.

गेल्या मार्चमध्ये त्यांची बोट समुद्रात बंद पडली. सकाळी झकास स्टार्ट झाली, नांगर टाकून दोन तास मासेमारी झाली, मग किल्ली फिरवली तर नुसती टकटक. सोबत नातवंडं. शेवटी कोस्टगार्डने ओढून आणली. त्यांचा मुलगा फहद मला फोनवर म्हणाला, “लाइट्स चालू ठेवून बसले. ही फर्गेट्स एव्हरीथिंग नाऊ.” अबू फहद आधी म्हणाले, लाइट बंद होते. मग म्हणाले, बंद केले असं वाटतं. मग त्यांनी तो विषयच सोडला. नवीन बॅटऱ्या आल्या आणि फहदने बजावलं, पुन्हा असं झालं तर बोट विकायची.

त्याच नवीन बॅटऱ्या आता माझ्यासमोर होत्या, एका हिवाळ्यात म्हाताऱ्या झालेल्या.

मी रमाकांतला हाक मारली. रमाकांत वेंगुर्ल्याचा, माझा जोडीदार. मी दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर दोन महिने घरी जातो, तेव्हा रॅक त्याच्या ताब्यात असतो.

“या दोन चार्जरला कधी लावल्यास?”

“मी लावलंयच नाय.”

“का?”

“तूच लिवलंस ना ‘भरली’! भरली ती परत कित्याक भरूची?”

बॅटरीवर टेप अजून चिकटलेली होती. अक्षर माझंच.

मी हे काम चिपळूणच्या एका दुकानात शिकलो. तिथे ‘भरली’ म्हणजे पाणी भरलं. इथल्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडून प्लेटा उघड्या पडतात. त्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर आधी घालायचं आणि मग चार्जरला लावायची. म्हणजे माझ्या टेपचा अर्थ, ‘पाणी झालं, आता चार्ज कर.’ रमाकांतचा मात्र मोबाइलसुद्धा ‘भरतो’. त्याच्या लेखी भरली म्हणजे चार्ज झाली, उचल आणि मागे ठेव. बाकीच्या बॅटऱ्या मी निघण्याआधी स्वतःच चार्ज करून जातो, म्हणून हा घोळ कधी उघडकीला आला नाही. माझ्या हातून अर्धवट राहायच्या त्या फक्त सगळ्यात शेवटी आलेल्या.

“आणि त्याच्या आदल्या वर्षी?” मी विचारलं.

रमाकांतने जुनं रजिस्टर काढलं. अबू फहद, दोन नग, ‘भरली, मागे ठेवली.’ चार्जरचा रकाना कोरा.

समुद्रात बंद पडल्या त्या याच, रजिस्टरमधल्या. आम्ही त्या माणसाला गाळाने भरलेली टाकी दिली होती, आणि वर्षभर तो स्वतःला विसरभोळा समजत होता.

सुपरवायझर कासमभाई दापोलीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दोन नवीन टाक आणि गप्प बस. गेल्या वर्षीचं कशाला उकरून काढतोस? मालकाला कळलं तर तिघांनाही घरी पाठवील.”

“आणि म्हातारा?”

“त्याचं काय? शुक्रवारी बोट चालू होईल, खूश होईल.”

“होईल. पण आपण विसरतो असंच समजत राहील ना?”

कासमभाईंनी चहा संपवला, कप ठेवला. मग म्हणाले, “मालकाशी मी बोलतो. तू जा. पण टेस्टर घेऊन जा. नुसतं तोंडी सांगितलंस तर पोराला वाटेल, म्हाताऱ्याची बाजू घेतोस.”

गुरुवारी दुपारी एक बॅटरी गाडीत टाकून अबू फहद यांच्या वाळवंटातल्या तंबूवर गेलो. बापलेक दोघंही होते. गालिच्यावर ॲसिडची बॅटरी कशी ठेवायची म्हणून मी घुटमळलो, तर अबू फहदनी स्वतः उठून वर्तमानपत्रं अंथरली. कॉफीचा छोटा कप हातात दिला. मी आधी साधा मीटर लावला.

“फुल,” फहद म्हणाला.

मग टेस्टर लावून बटण दाबलं. काटा पडला.

“बाबा, आप लाइट नहीं भूला,” मी म्हणालो. “चार्ज हम भूला. पिछला साल भी, ये साल भी.”

भरली या शब्दाची भानगड मी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावली. फहद ताडकन उठला. “दोन वर्षं? माझी मुलं होती त्या बोटीत!” मी मान खाली घातली. तो पुढे बरंच बोलणार होता, पण वडिलांकडे बघून अर्ध्यावर थांबला.

अबू फहदनी माझ्या हातातून टेस्टर घेतला. स्वतः बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी काटा खाली. मग त्यांनी विचारलं, “लाइट बंद था?”

“बंद था, बाबा.”

“वल्ला?”

“वल्ला.”

शपथ घेण्याइतकं मला काय ठाऊक? मी काही त्या बोटीत नव्हतो. पण लाइट बंद असते तरी नुसत्या पंप-रेडिओवरसुद्धा ती बॅटरी दगा देणारच होती, तेव्हा मी बिनदिक्कत घेतली.

त्यांनी मुलापुढे हात पसरला. “मिफ्ताह.” म्हणजे किल्ली. मला वाटलं, बोटीची. फहद क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्याने खिशातून जीपची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. गेल्या मार्चपासून घरच्यांनी त्यांना गाडी चालवू दिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. फहदने वाकून वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि अरबीत काहीतरी हळू बोलला. मी उगाचच टेस्टरच्या वायरी गुंडाळत बसलो.

मालकाने मला आणि रमाकांतला अर्धा तास झापलं, पण घरी पाठवलं नाही. आता टेपवर ‘पाणी दिलं’ आणि ‘चार्ज झाली’ असं वेगवेगळं लिहितो. शेवटी आलेल्या बॅटऱ्या चार्जरवर चढल्याशिवाय मी विमानात चढत नाही.

शुक्रवारी अबू फहद स्वतः जीप चालवत आले. मी बसवलेल्या नवीन बॅटऱ्यांवर इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. त्याआधी ट्रेलर मागे घेताना त्यांनी जीप धक्क्यावरच्या खांबाला चांगली घासली. फहदने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. ड्रायव्हिंगचं मी काही सांगू शकत नाही. पण कोणाला विसरभोळा ठरवण्याआधी त्याच्या बॅटरीवर एकदा लोड टाकून बघावा, एवढं मात्र सांगतो.