घरातली एकच पैठणी

दिल्लीच्या ऑफिसने मला नाशिक जिल्ह्यात धाडलं ते डायल-अपच्या दिवसांत. गावोगावी इंटरनेटवर धंदा करू पाहणाऱ्यांचं काय अडतं, ते बघून अहवाल द्यायचा होता. खरं सांगतो, मला नुसतं घरी यायचं होतं. नाशिकच्या इंदिरानगरात आता आमचं कुणी उरलं नव्हतं, तरी जीव तिथेच घुटमळायचा.

सीबीएस स्टँडवरून येवल्याची एसटी धरली. निफाडपुढे गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या टपरीवर कांदाभजी खाल्ली, जीभ पोळली. दिल्लीत अशी मिळत नाहीत म्हणून आणखी एक प्लेट घेतली.

येवल्यात सुनंदाकडे गेलो. विणकराची सून, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, पैठण्यांची वेबसाइट तिने स्वतः बनवलेली. घरात दोन माग. एकावर सासरे अण्णा, दुसरा चादरीने झाकलेला. तो तिच्या नवऱ्याचा. नवरा पुण्यात कंपनीत लागला होता. वेबसाइट चालली तर परत येऊन मागावर बसेन, असं सांगून गेला होता.

पहिली ऑर्डर आली होती, थेट परदेशातल्या एका बाईंची. पण विणकराच्या घरी पैठणी टिकते कुठे? मागावरून उतरली की निघाली दुकानदाराकडे. म्हणून फोटोसाठी सुनंदाने घरातली एकुलती एक पैठणी मांडली होती, स्वतःच्या लग्नातली, असावलीच्या वेलफुलांच्या काठाची. त्या बाईंना हुबेहूब तीच हवी होती, महिन्याच्या आत. नवी विणायला कितीतरी महिने लागले असते.

"एकदाच नेसलेय, तसं कळवलंय त्यांना," सुनंदा घडी घालत म्हणाली. "पहिल्याच ऑर्डरला नाही कसं म्हणू? हे यायला पाहिजेत ना पुण्याहून घरी."

अण्णा मान खाली घालून विणत राहिले. मी मूर्खासारखा फॉर्म भरत बसलो. पहिली ऑर्डर वेळेत पूर्ण: होय. अडचण: ईमेल उघडेपर्यंत लाईन तुटते. शिफारस: चांगली लाईन आणि मदत केंद्र, तातडीने. 'तातडीने'खाली दोन रेघा ओढल्या.

दिल्लीला परतल्यावर त्या फायलीचा पिच्छाच पुरवला. किती ती टेबलं, किती त्या सह्या! दीड वर्षाने केंद्र मंजूर झालं. बातमी सांगायला मीच फोन लावला. अण्णांनी उचलला.

"लय चांगलं केलं, साहेब. पण सुनंदा दिवाळीतच पुण्याला गेली, त्याच्याकडं. हितं आता कॉम्प्युटर कोणाला येतो?"

अहवालात ती अजूनही 'येवल्यातील यशस्वी उद्योजक' आहे. ते खोडणं माझ्या हातात होतं. नाही खोडलं. कुणीतरी राहायला पाहिजे गावात, कागदावर तरी.