शेजारचा पिंजरा

कोंबड्याला आंघोळ घालणं हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. ज्याला तसं वाटतं त्याने एकदा घालून बघावी आणि मग हातावरच्या ओरखड्यांना मलम चोळत बसावं. सूनबाईला मात्र ते असं जमायचं की पाहणाऱ्याला वाटावं, कोंबडाच आपणहून टबात उतरला.

मागच्या अंगणात तीन टब मांडलेले असत. पहिल्यात कोमट पाणी आणि लहान मुलांचा शांपू, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर, म्हणजे साबणाचा अंश उरत नाही. चोळायचं ते पिसांच्या वळणाने. उलटा हात फिरला आणि शेपटीचं एखादं पीस मोडलं, तर वर्षाची मेहनत पाण्यात. मग टॉवेलात गुंडाळून लांबून ड्रायर, पायांच्या खवल्यांना जुना टूथब्रश, तुऱ्याला बोटभर व्हॅसलीन. हे सगळं प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी, कारण धुतलेलं अंग चोचीने पुन्हा तेलकट करून घ्यायला पक्ष्याला वेळ लागतो. या वर्षीचा पांढरा कोंबडा तर उन्हात पिवळा पडेल म्हणून सावलीतच वाढवलेला. एवढे लाड बघून गल्ली दर वर्षीच्या कोंबड्याला नवरदेवच म्हणायची.

खरा नवरा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करत होता. फोनवर तो विचारायचा, “आमचे नवरदेव काय म्हणतात? त्यांचं आटोपलं की आमच्याकडे बघणार का?” ती हसायची. पहिलं वर्षभर हसणं खरं होतं. पुढे पुढे तो विचारायचा तेव्हा ती ओढूनताणून हसायची, आणि त्यालाही ते कळत असावं, कारण तो लगेच हवापाण्याचं बोलायला लागायचा.

तर ही बाई कोंबड्यांत अडकली कशी, ते सांगायला हवं. तिचा सासरा, अप्पा, जन्मभर कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशीनसमोर उभा राहिलेला माणूस. मशीनने पगार दिला आणि कान नेले. बायको गेल्यावर त्यांनी कोंबड्यांत जीव गुंतवला, प्रदर्शनात बक्षिसं आणायला लागले. नवीन लग्न होऊन आलेली सूनबाई एका संध्याकाळी खुराड्यापाशी उभी होती. ती सहज म्हणाली, “अप्पा, त्या कोपऱ्यातल्या कोंबडीचा श्वास वाजतोय.” अप्पांना काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या कोंबडीचा डोळा सुजला. वेळेत बाजूला काढली म्हणून बाकीच्या वाचल्या. झालं! त्या दिवशी तिने तोंड उघडलं नसतं तर आज ती कुठल्या कुठे असती.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला, पक्षी बसले की एकेकाच्या पाठीला कान लावायचा, हे काम तिचं. अप्पा चारचौघांत तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, “ही म्हणजे माझे कान.” वाईट माणसाशी माणूस भांडू तरी शकतो. अप्पा सकाळचा चहा स्वतः करून तिच्या हातात द्यायचे, तिला ताप आला तर उशाशी बसून राहायचे. अशा माणसाशी भांडणार कसं आणि कशावरून? नवऱ्याची बदली झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “जा ना, जरूर जा. फक्त एवढं प्रदर्शन होऊ दे.” ते झालं, पुढचं आलं. नवऱ्याने खोली घेतली, गॅस घेतला, पडदेसुद्धा लावले. सूनबाई इथे पिसं वाळवत राहिली.

कायदेही तिनेच केले होते. प्रदर्शनातून आलेला पक्षी कळपात सोडायचा नाही. तो अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहील, आणि आजारी निघाला तर त्याच्याजवळ जाणारा माणूस चांगल्या पक्ष्यांत पाऊल टाकणार नाही. हातांवरून, चपलांवरून, कपड्यांवरून रोग जातो. या कायद्याला घरात माणसं दोन लागतात, हे तो करताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

या वर्षी मात्र अप्पांनी स्वतःच शब्द दिला. “नवरदेव पहिला आला की मी मोठी प्रदर्शनं सोडली. अंड्यांपुरत्या चार कोंबड्या ठेवतो. तू प्रदर्शनाच्या हॉलमधूनच थेट नवऱ्याकडे जा. नाही आला, तर मात्र म्हाताऱ्याला अजून एक वर्ष दे.” ती हो म्हणाली. आणि मग तिने त्या कोंबड्यावर जी मेहनत घेतली, ती अप्पांसाठी नव्हती. रोज त्याला प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात बसवायची, काठीने हळूच छाती वर करायला शिकवायची, अनोळखी माणसांच्या हातात द्यायची. शेवटी तो असा तयार झाला की परीक्षक येण्याआधीच मान ताठ करून उभा राहायचा. तिने बॅग भरली आणि टेम्पोत पिंजऱ्याशेजारी ठेवली.

हॉलमध्ये पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा होत्या. लाकडाचा भुसा, ओली पिसं, माणसांचा गलका. सूनबाईने घरून आणलेलं पाणी वाटीत ओतलं, कारण परक्या पाण्याला काही पक्षी तोंड लावत नाहीत. ओतता ओतता तिचा हात थांबला. शेजारच्या पिंजऱ्यात एका रंगाऱ्याची काळी कोंबडी होती. ती मान झटकत होती. डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक फेस. आणि श्वासाला तोच घुरघुर आवाज.

दारावरच्या पशुडॉक्टरांनी शेकडो पक्षी भराभर बघून आत सोडले होते, ही नजरेतून सुटली होती. नियम सरळ होता. डॉक्टरांना सांगायचं, मग ती अख्खी रांग बंद. रांगेतला एकही पक्षी परीक्षकांसमोर जाणार नाही. नवरदेवसुद्धा नाही.

कोणी दुसऱ्याने हे लपवलं असतं तर सूनबाईने त्याची खरडपट्टी काढली असती. ती डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेलीसुद्धा. तिथे उभी राहिली, आणि डॉक्टरांनी वर पाहिल्यावर “प्यायच्या पाण्याचा नळ कुठे आहे?” असं विचारून परत आली.

मग तिने एका खोक्याची बाजू फाडली आणि तो पुठ्ठा दोन पिंजऱ्यांच्या मध्ये तारेने बांधला. नवरदेवाची वाटी पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली. पुठ्ठ्याने सर्दी अडत नाही, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कोणाला माहीत होतं? पण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

रंगारी बघत होता. “काय वहिनी, शेजाऱ्यांशी बोलणं बंद वाटतं?”

“तुमच्या कोंबडीला सर्दी आहे.”

“छे हो, धूळ आहे ही. एवढा भुसा उडतोय.” त्याने आवाज खाली आणला. “तुम्हाला खरंच वाटत असेल तर सांगा की डॉक्टरांना.”

तो काय म्हणतोय ते तिला कळलं आणि तिला काय हवंय ते त्याला. दोघंही अळीमिळी गुपचिळी करून आपापल्या खुर्चीवर बसले. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नवरदेवाला उचललं, पंख उलगडून पाहिले, खाली ठेवलं. तो ताठ उभा राहिला. संध्याकाळी त्याच्या पिंजऱ्यावर पहिल्या बक्षिसाची फीत लागली आणि अप्पा सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले. “जा आता, सुटलीस,” ते म्हणाले. तिने नवऱ्याला फोन केला. त्याने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “उद्या न्यायला येतो.”

तो आला. शेवटच्या दिवशी दुपारी हॉलच्या फाटकाशी टेम्पो उभा होता, आणि तिची बॅग नवऱ्याच्या खांद्यावर होती. अप्पा टेम्पोत बसून, मांडीवरचं कोंबड्याचं खोकं जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवत होते. तिने निरोपाला वाकून खोक्यात हात घातला, आणि नवरदेव शिंकला.

ती तशीच वाकून राहिली. पाठीला कान लावला. आत घुरघुरत होतं.

अप्पा हसत होते. त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. नवऱ्याला तो आवाज कळणार नव्हता. आता उठून चालायला लागलं तर कोणी अडवणार नव्हतं. अप्पा ठरल्याप्रमाणे पक्ष्याला पत्र्याच्या खोलीत ठेवतील, त्याला कुरवाळतील आणि त्याच हातांनी, त्याच चपलांनी कळपात जातील. मग एकेक कोंबडी मान टाकेल, आणि अप्पा रोज पाठी चाचपत राहतील, काहीही न ऐकता.

“अप्पा, हा शिंकला.”

“अं?”

“शिंकला! छाती वाजतेय.”

तिला ओरडावं लागलं. पलीकडे गाडीत पिंजरा चढवणारा रंगारी मान खाली घालून घाईने आत बसला. नवऱ्याने विचारलं, “म्हणजे काय?”

“म्हणजे घरी दोन माणसं लागतील. हा बरा होईपर्यंत. आणि बाकीचे धड आहेत हे कळेपर्यंत.”

“आणि मग?”

ती कोंबड्याची पिसं सारखी करत राहिली. शेजारची कोंबडी आजारी आहे हे दोन दिवसांपूर्वीच माहीत होतं, हे तिला म्हणता आलं नाही. नवरा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त बॅग खांद्यावरून उतरवली आणि टेम्पोत ठेवून दिली.

अप्पांनी कोंबड्याकडे पाहिलं. जिंकलेला पक्षी आजारी, त्यांचा चेहरा पडायला हवा होता, आणि तो पडलाही, क्षणभर. मग त्यांनी मान वर केली. “म्हणजे तू घरी येतेस तर?” त्यांनी विचारलं. त्यांना आवरता आलं नाही, आणि बक्षिसाच्या वेळीही दिसला नव्हता असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर तिला दिसला.

ते खोकं उचलून सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.