आक्कानं न खाल्लेला भात

महिना होऊन गेला. सोपान सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला आला आणि आमच्या रेल्वेच्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, "ये की आत, पाहुण्यासारखा काय उभा राहिलास?" तो आत येईना. पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्याला हातसुद्धा लावला नाही. आमच्या मावळात मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस दुसऱ्याच्या घरचं पाणी घेत नाही. तांब्या माझ्या हातातच राहिला. सोपानची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का... गेली. "काल सांजच्याला नाचणी निवडत बसली व्हती, काकी," तो म्हणाला, "सकाळच्याला हाक मारली तर उठलीच न्हाई." एवढं सांगून तो आल्या पावली स्टेशनाकडं वळला. अजून दोन घरी निरोप द्यायचा होता.

आक्का काही नावाजलेली बाई नव्हती. बेडशाच्या डोंगराखालच्या चार खाचरांची मालकीण, एवढीच तिची ओळख. पण तिच्यावर एक बोल होता. थोरलीनं मरत्या सासूसमोर बसून भात खाल्ला, असं गाव म्हणत आलं. तीस वर्षं होत आली. नव्या सुना गावात येतात त्यांनाही पाणवठ्यावर पहिल्या आठवड्यात हे ऐकवलं जातं. तो बोल खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे आक्काखेरीज फक्त मला माहीत होतं. आता आक्का नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझं अक्षर पोरांच्या पाटीवर गिरवून आलेलं, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मानमोडीच्या सालची गोष्ट. ज्यांनी ते साल पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून पटणार नाही. आधी पाऊस फसला. आमच्याकडं पावसाची कधी वाण नाही, उलट नको नको होतो, पण त्या वर्षी आवण, म्हणजे भाताची लावणी, झाली आणि पाऊस जो निघून गेला तो आलाच नाही. भात पोटरीत आलं आणि वरच्यावर वाळलं, लोंबी चोळली तर हातात नुसता भुसा. आणि त्यावर ताप आला. अंग फणफणायचं, मान धरायची, चौथ्या पाचव्या दिवशी माणूस संपायचं. आमचे मामंजी पहिल्या झटक्यात गेले. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात, शेवटी बैलगाडीतून नेले. आक्काचा नवरा, आमचे थोरले, तापानं पडलेले. माझे मालक इकडं घाटात रेल्वेच्या गँगमध्ये, गाड्या धड चालत नव्हत्या, निरोपसुद्धा नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी सोळा वर्षांची, सातवा महिना लागलेला. आणि उभं राहील असं माणूस घरात एकच, आक्का. ती तेव्हा चोविसाची असेल.

कामशेतचा बाजार बसेना. दुकानदाराचंच घर आजारी, दाराला कडी. मीठ संपलं, घासलेट संपलं, काड्यापेटी तर बघायलाही मिळेना. ज्याच्या चुलीत विस्तव जिवंत असेल त्याच्याकडं बाया खापरी घेऊन जायच्या. आक्कानं करंजाच्या बिया कुटून तेल काढलं आणि दिवा चालवला. चिंचोके भाजून, भिजवून, टरफलं काढून जात्यावर दळले. त्याची भाकरी थापताना तुटते, थुंकीनं चिकटवावी तरी तुटते, पण पोटात दगडासारखी बसते आणि दिवस निघतो. वर ठाकरवाडीवर भागीमावशी म्हणून एक म्हातारी होती. एरवी आमच्याकडच्या बाया तिला उंबऱ्याच्या आत घ्यायच्या नाहीत. आक्का तिच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, "मावशी, तुमी काय खाता ते आमाला शिकवा." भागीमावशी आधी हसली. "तुमी भातवाली मानसं," म्हणाली, "तुमाला आमचा पाला गिळंल व्हय?" पण शिकवलं तिनं. डोंगरात करांदे म्हणून कडू कंद मिळतात. ते चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायचे आणि मग वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचे, नाहीतर उलट्या होऊन माणूस बेजार होतं. आता ओढाच आटलेला, वाहतं पाणी आणायचं कुठून? तर आक्का रोज डोंगर चढून लेण्यातल्या कोरीव टाक्याचं पाणी हंड्यानं खाली आणायची आणि करांद्यांवर बदलून बदलून ओतायची. पाच पाण्यांत कडूपणा जायचा. चार पाण्यांत गेला असं वाटायचं... पण जायचा नाही.

एकच खाचर पिकलं होतं. लेण्याच्या पायथ्याशी झिरपाचं लहानसं खाचर होतं, आंबेमोहोराचं. दिवाळी कुठं आली कुठं गेली कळलं नाही, त्यानंतर आम्ही दोघींनी ते कापलं. म्हणजे आक्कानं कापलं, मी पेंढ्या बांधल्या. झोडून भात निघालं ते एका कणगीच्या तळाशी बसलं. आक्कानं कणगीचं तोंड शेणानं लिंपलं आणि त्या ओल्या शेणावर पंजा उमटवला. आमच्यात बियाण्याच्या कणगीवर घरच्या बाईचा पंजा असतो. तो उमटला की रोहिणीचं पेरणीचं नक्षत्र लागेपर्यंत कणगी फोडायची नाही. मी म्हटलं, "आक्का, सगळंच बी?" ती म्हणाली, "गावात दुसरं कुटं हाय? पुढल्या साली काय पेरायचं, माती?"

सासूबाईंना भाताची इच्छा झाली. ताप उतरला होता पण अंगात काही राहिलं नव्हतं, करांदा घशाखाली उतरत नव्हता. दोन दिवस त्या म्हणत राहिल्या, "मऊ भात दे गं थोरले. एक घास दे." शेजारची तानूबाई विस्तव न्यायला आली होती, तिच्यासमोर आक्का म्हणाली, "आत्याबाई, भात न्हाई. हाय ते बी हाय." तानूबाईचा कर्तासवरता पोरगा आठवड्यापूर्वीच गेला होता. तिनं खापरी उचलली आणि जाताना म्हणाली, "बी म्हातारीपरीस मोठं झालं व्हय?" आक्काचा हात चुलीपाशी तसाच थांबलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी आक्का पाण्याला डोंगरावर गेली आणि मी कणगी फोडली. आजवर मी स्वतःलाही हेच सांगत आले की सासूबाईंसाठी फोडली. ते अर्धं खरं. सातव्या महिन्यात बाईच्या पोटात जी आग असते ती मला होती. कणगीच्या तळाशी बोटभर भोक पाडलं, दोन ओंजळी भात काढलं, भोक पुन्हा शेणानं बुजवलं. उखळाचा आवाज गावभर जाईल म्हणून पायरीवर वरवंट्यानं हलक्या हातानं सडलं. सगळा विचार केला होता. फक्त एक केला नव्हता. आंबेमोहोर चोरून शिजवता येत नाही. झाकणी हलली आणि वासानं घर भरलं, पडवी भरली, आळी भरली. ज्या गावात महिनाभर मढी आणि राख याशिवाय कशाचा वास नव्हता त्या गावात तो वास हाकाटी केल्यासारखा पसरला. मी झाकणीवर ओलं फडकं टाकलं, वर ताट ठेवलं. तो काही दबेना.

आक्का डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली आणि तिथंच थांबली. मग आत आली. कणगीचं ओलं शेण तिनं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता मार बसेल. तिनं हंडा उतरवला, वाटीत मऊ भात घेतला, बोटानं कालवला आणि सासूबाईंच्या उशाशी बसली. "आत्याबाई, भात घ्या." सासूबाईंनी डोळे उघडले. घास ओठांपाशी आला तसं विचारलं, "कुटला गं?" आक्कानं घास आणखी पुढं केला. "बियाचा?" सासूबाईंनी तोंड मिटून घेतलं आणि मान भिंतीकडं वळवली. तेव्हा आक्का विनवायला लागली. कालपर्यंत जी देणार नाही म्हणत होती ती बाई वाटी हातात धरून म्हणत होती, "घ्या ना आत्याबाई. एक घास. माझं चुकलं. शिजलाय आता, घ्या." सासूबाई म्हणाल्या, "मग पेरशील काय?" आक्कानं घास निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.

शेवटी ती उठली आणि वाटी माझ्यापुढं ठेवली. "खा."

मी नको म्हणून मान हलवली.

"शिजलेलं बी उगवत न्हाई, धाकटे. खा."

मी खाल्लं. वाटीतलं खाल्लं, गाडग्यातलं खाल्लं. लाज वाटत होती आणि तरी बोटं चाटली. तेवढ्यात तानूबाई खापरी घेऊन दारात. विस्तव तिनं मागितलाच नाही. तिनं रिकामं गाडगं पाहिलं, म्हातारीचे कोरडे ओठ पाहिले. "कुनी खाल्ला?" म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत आक्कानं माझ्यापुढची वाटी उचलली. "मी खाल्ला," म्हणाली. तानूबाई उंबऱ्याबाहेर थुंकली आणि गेली. आक्का मला हळूच म्हणाली, "तू नवी हायस. तुला माहेरी धाडतील, ह्या दिसांत वाटंतच मरशील. माझं काय, मला कोन कुटं धाडनार?"

तिसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या. थोरले वाचले. माघात मला मुलगा झाला. आणि उन्हाळ्यात आक्कानं रोपांच्या जागेवर राब भाजला, रोहिणी लागताच ते बी पेरलं, आणि रोपं अशी तरारून आली की आमची लावणी होऊन उरली. निम्म्या गावाकडं बी नव्हतं. आक्कानं मुठीमुठीनं रोपं वाटली. तानूबाईनंही नेली. रोपं घेताना त्या भाताबद्दल कुणी काही बोललं नाही, पण ते भात कापून, शिजवून खाताना मात्र बोलले. मी थोड्याच दिवसांत मालकांमागं लोणावळ्याला आले. वर्षातून एकदोनदा जायची. दर वेळी ठरवायची, या खेपेला पाणवठ्यावर सांगून टाकायचं. आक्काच नको म्हणायची. "झालं गेलं. आता सांगून तुझ्या पोराला काय ऐकवायचंय का?" मला तेवढंच निमित्त पुरायचं... खरं तर मला निमित्तच हवं असायचं.

तेराव्याला मी गेले. पंगत बसली होती. तानूबाई आता फार थकली आहे, पण जीभ तशीच. भात वाढणारी पुढं आली तशी ती म्हणाली, "वाढा, वाढा. मरणारनीला भाताची लय हौस व्हती." दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. माझा हात पानावर थांबला. मी म्हटलं, "तानूबाई, तो भात मी खाल्ला व्हता."

"कुटला?"

"म्हातारीपुढचा. मीच कणगी फोडली, मीच खाल्ला. आक्कानं शीतसुदीक तोंडात घातलं न्हाई."

तानूबाई माझ्याकडं वळून बसली. मग म्हणाली, "मग ती का म्हनली, मी खाल्ला म्हनून?"

"माझ्यासाठी."

"आन तू तीस वर्सं गप बसलीस." तिनं पानावरचा भात बोटांनी एकत्र केला, पण घास घेतला नाही. "मी तिला तोंडावर काय काय बोललीय. आता ती ऐकायला न्हाई तवा सांगतीस व्हय गं?"

वाढणारीनं माझ्या पानावर भात घातला, मी तो तसाच ठेवला.

आक्का कधी आत बसून जेवली नाही, हे मला त्या दिवशी सोपानच्या बायकोनं सांगितलं. पडवीत, रस्त्याच्या बाजूला, ताट मांडीवर घेऊन बसायची. ताटात नाचणीची भाकरी आणि कोरड्यास, भात कधीच नाही. येणाराजाणारा बघू शकेल अशी. "आमी म्हनायचो, आत बसा, वारं लागतंय. ऐकायच्या न्हाईत." खांबाजवळची ती जागा बसून बसून गुळगुळीत झाली आहे, सारवण तिथं धरत नाही. पंगत उठल्यावर मी माझं पान उचललं आणि तिथं जाऊन बसले. पानावर भात होता. संध्याकाळची वेळ, बाया पाण्याला निघाल्या होत्या, पंगतीतली गोष्ट एव्हाना त्यांच्यापर्यंत पोचली होती. एकेक बाई अंगणापाशी आली की चाल मंद करायची, माझ्याकडं बघायची, पानाकडं बघायची. मी मान खाली घातली नाही. हळूहळू, एकेक घास करून, सगळा भात त्यांच्यासमोर खाल्ला.