बाज सोडलेली बाळंतीण

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या आमच्या गावात, एकाहत्तर साली. मी वीस वर्षांची होते. आईनं मागच्या खोलीत बाज टाकली, खाली शेगडी ठेवली, खिडकीला घोंगडी लावली आणि सव्वा महिना पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. पाणी मागितलं तर ओव्याचं, तेही वाटीभर. जास्त प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणे. मी गुणाची लेक. पडून राहिले.

बाराव्या दिवशी डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत सुजला. टणक आणि गरम. आई म्हणाली, वारं भरलं. अंग रगडायला येणाऱ्या बाईनं दोन दिवस तो पाय कणकेसारखा मळला. मी ओरडत होते आणि दोघी मला नाजूक म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी नवरा बेलापूरहून बाळ बघायला आला. त्यानं पाय बघितला आणि मला जीपमध्ये घालून थेट नगरला नेलं. कुणाचंच न ऐकणं ही त्याची खोड. एरवी माझं डोकं उठवते, त्या दिवशी तिनंच मला वाचवलं.

डॉक्टरांनी पाय बघून आधी विचारलं, "रगडला कुणी?" मग म्हणाले, "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. ती सुटून छातीत गेली असती तर इथपर्यंत पोचला नसतात." इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या झाल्या. निघताना त्यांनी पुन्हा बसवून सांगितलं, "ज्याला एकदा झालं, त्याला परत होऊ शकतं. पुढच्या बाळंतपणात तर जास्तच. तरुण आहात म्हणून सुटाल असं समजू नका. तेव्हा पडून राहायचं नाही. चालायचं आणि भरपूर पाणी प्यायचं."

दोन वर्षांनी दुसरी मुलगी नगरच्या दवाखान्यातच झाली. मला सासू नव्हती, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा माहेरीच आले. मागच्या खोलीत बाज, शेगडी, घोंगडी सगळं तयार. जणू मधे काही घडलंच नव्हतं. माझं टाळकंच सरकलं. बाळाला बाजेवर ठेवलं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि दाराकडे निघाले.

आई उंबऱ्यात आडवी बसली.

"बाज सोडायची न्हाई. वारं लागंल."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"डाक्टर बाळंत झालाय व्हय कधी? आमी झालोय."

"तुला काही झालं नाही म्हणून मलाही होणार नाही असं कुणी सांगितलं? मेले तर तू सांभाळणार का दोघींना?"

मरणाचं नाव काढल्यावर ती भडकेल असं वाटलं होतं. तिचा आवाज उलट खाली आला. तिची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, हे मला माहीत होतं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. आई म्हणाली, "ती अशीच भाईर गेल्ती. एकच डाव, अंगणात. दुसऱ्या दिशी छातीत कळ आली न् गेली. वारं लागलं तिला."

"आधी तिचा पाय सुजला होता का?"

बाजेवर बाळ कुरकुरलं तरी दोघी जागच्या हललो नाही.

"लई सुजला हुता," आई म्हणाली. "मीच चोळत हुते."

मला तिची दया आली, आणि रागही तितकाच आला. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वाऱ्यानं नव्हे, बाजेनं आणि मायेनं तिला मारलं होतं, आणि आता तीच माया माझ्या वाटेत बसली होती. हे मी आईला बोलून दाखवलं नाही. "ऊठ," एवढंच म्हणाले.

ती उठली नाही. गुडघे पोटाशी घेऊन थोडी बाजूला सरकली. तेवढ्या जागेतून मी बाहेर पडले आणि शेजारणी बघत होत्या तरी घराला पाच फेऱ्या मारल्या.