काळी वाइन आणि रविवारचा मासा

आम्ही मारियामातेच्या देवळाची अर्धी चढण चढलो, तरी द्राक्षमळेवाल्या आबेलकाकांचं मासळीपुराण संपेना. त्यांची लेक ओडील रविवारी होणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी मासा करणार होती. तिच्या जन्मसालची, आमच्या काओर भागातल्या वाइनची बाटली काकांनी याच जेवणासाठी जपली होती.

“आमची वाइन काळी, तुरट. चरबीत शिजलेल्या बदकाच्या तंगडीबरोबर लोण्यासारखी उतरते. माशावर घेतली की तोंडात गंजका खिळा!”

“मग ओडीलला सांगा ना, काका.”

“सांगितलं. म्हणते, पाहुणे समुद्राकाठचे, बाटली पुढच्या वेळी काढा. पहिली भेट पुन्हा येते का गं?”

एरवी काका देवळाबाहेरच थांबतात. आज दाराशी त्यांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, “माता तुझं ऐकते. शनिवारी बाजारात मासळीच येऊ नये, एवढं माझ्यासाठी माग ना, पोरी.”